बंद घराचे वीज बिल

गावाकडच्या आमच्या घराला कुलूप लागून सहा-सात महिने झाले होते. वडील २०२२ च्या पावसाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर आईला एकटे ठेवायचे नाही म्हणून आम्ही तिला नागपूरला घेऊन आलो. निघताना घरातील सगळी बटणे बंद केली, मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला, कुलपाला दोनदा हिसका देऊन पाहिला. तरीही महिन्याच्या महिन्याला वीज बिल येतच राहिले. शेजारचा मुलगा मोबाईलवर त्याचा फोटो पाठवी. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग सारखेच, वापर शून्य युनिट, आणि खाली भरायची रक्कम मात्र छापलेली!

एका रविवारी आईने तो फोटो पाहिला आणि विचारले, "दिवा लावला नाही, पंखा फिरला नाही, त मंग पैसे कायचे घेते हे लोकं?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघाला असेल. आम्ही तिघे भावंडे. थोरला शिक्षक, मधली बहीण आरोग्य खात्यात परिचारिका आणि धाकटा आयटीआय करून वायरिंगची कामे घेणारा. हा लेखही तिघांनी मिळूनच लिहिला आहे. त्या रविवारी आम्ही थोरल्याकडे जमलो होतो. जोडणी कायमची तोडून टाकावी असे तिघांच्याही मनात आले. अर्ज द्यायचा, थकबाकी चुकती करायची, मीटर काढून न्यायला सांगायचे, म्हणजे प्रश्न मिटला. धाकट्याने कागदही पुढे ओढला. पण ग्राहकाचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा लक्षात आले, मीटर अजून वडिलांच्याच नावावर आहे. ते नाव लिहिताना त्याचा हात थांबला.

त्या नावामागची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमच्या गावात वीज आली १९७२ साली. खांब गावातून फिरले, शाळेपर्यंत आले आणि तेथेच थांबले. शाळेच्या पलीकडे नाला आणि नाल्याच्या पलीकडे आमची वस्ती. वस्तीत चिमणी आणि कंदील. आमच्या थोरल्याची चौथीपर्यंतची पुस्तके रॉकेलच्या काजळीने काळी झालेली होती. वडील वस्तीतील चार जाणत्या माणसांना घेऊन वीज कार्यालयात जात. तेथे दरवेळी एकच उत्तर मिळे. वस्तीत वीस-बावीस घरे, घरटी एक बल्ब जळणार, त्यासाठी नाल्यावरून आठ खांब टाकले तर खर्च निघणार नाही. परवडत नाही.

वडील फारसे शिकलेले नव्हते, पण "परवडत नाही" हा शब्द त्यांच्या मनात रुतून बसला. कोणाला परवडत नाही? आणि गावात टाकलेले खांब कोणाला परवडले?

१९८४ साली त्यांना विदर्भातल्याच एका औष्णिक वीज केंद्रावर ठेकेदाराकडे रोजीने काम मिळाले. केंद्र आमच्या गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. रात्री अंगणात खाट टाकली की क्षितिजावर त्या केंद्राचा उजेड दिसे. धुरांड्यावरचे तांबडे दिवे लुकलुकत. आई म्हणे, "थो पाय, तुमचा बाबा तिथं लाईन बनवते." आणि आम्ही चिमणीच्या उजेडात जेवत असू. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला शाळेत शिकवावी लागली नाही.

वस्तीत वीज आली १९८६ साली, चौदा वर्षांच्या खेपांनंतर. पहिली जोडणी घेणाऱ्या पाच घरांत आमचे घर होते. म्हणून त्या मीटरवरचे नाव आमच्यासाठी नुसते ग्राहकाचे नाव नाही.

वडील १९८८ मध्ये कायम झाले आणि २०११ मध्ये बॉयलर विभागातून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी वीज कशी तयार होते हे आम्हाला इतक्या वेळा समजावले की आज आम्ही ते डोळे मिटून सांगू शकतो. ते सायकलच्या डायनॅमोपासून सुरुवात करीत. चाक फिरते, चाकाला घासून डायनॅमोचे डोके फिरते, आत लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते, आणि पुढचा दिवा लागतो. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये हेच दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते. हा फॅरडे लोहाराचा मुलगा होता आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला होता. वडिलांना ही गोष्ट फार आवडे. आजही कोळशाचे असो, पाण्याचे असो, पवनचक्कीचे असो की अणुशक्तीचे असो, बहुतेक प्रत्येक वीज केंद्र म्हणजे एक मोठा डायनॅमो. फरक एवढाच की चाक कोणी फिरवायचे. फक्त सूर्यप्रकाशाच्या पाट्यांमध्ये काहीही न फिरता वीज निघते.

कोळशाच्या केंद्रात चाक वाफ फिरवते. खाणीतून आलेला कोळसा आधी फोडतात, मग गिरणीत पिठासारखा बारीक दळतात आणि गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. बॉयलरच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्याच. त्या पाण्याची वाफ होते. वडिलांच्या केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचात ती वाफ सुमारे ५४० अंशांपर्यंत तापे. एवढी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. कुठे बारीक गळती झाली तर जुने कामगार पुढे लांब काठी धरून चालत, असे ते सांगत. ही वाफ टर्बाईनच्या पात्यांवर आदळते आणि टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे फिरते. ३००० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातील विजेचे सेकंदाला ५० हेलकावे म्हणतात ते हेच. काम झालेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करतात आणि पुन्हा बॉयलरला पाजतात. लांबून दिसणारे जे कमरेत बारीक असे प्रचंड मनोरे, त्यांतून निघतो तो धूर नव्हे, ती पाण्याची वाफ. धूर शेजारच्या उंच धुरांड्यातून जातो.

आता हिशेबाकडे येऊ. आपल्याकडच्या कोळशात राख फार. साधारणपणे एक युनिट वीज करायला ७०० ग्रॅमच्या आसपास कोळसा लागतो. २१० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला सुमारे दीडशे टन कोळसा खातो आणि दिवसाला सुमारे ५० लाख युनिट वीज देतो. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्साच विजेत उतरतो, बाकीची बहुतेक उष्णता त्या मनोऱ्यांतून आणि धुरांड्यातून निघून जाते. मागे उरणारी राख कोळशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरते.

हे झाले कोळशाचे. पण आईचा प्रश्न कोळशाचा नव्हताच. शून्य युनिटला कोळसा शून्य. मग पैसे कशाचे?

याचे उत्तर वडिलांनी आईलाच फार पूर्वी देऊन ठेवले होते, हे आम्हाला त्या रविवारी आठवले. १९९५-९६ चा सुमार असावा. तेव्हाही बिलावरून घरात बोलणे झाले होते आणि वडील म्हणाले होते, "बैल कोठ्यात उभा राह्यला तरी कडबा खातेच ना? वखर चालो का न चालो."

बैलजोडी घेताना काढलेले कर्ज, तिचा चारा, गोठा, राखणदार, हा खर्च जोडीने काम केले नाही तरी होतोच. नांगरटीला गेल्यावर जास्तीची पेंड लागते ती वेगळी. वीज केंद्राचे अर्थकारण अगदी असेच दोन भागांचे आहे. केंद्र उभारायला एका मेगावॅटमागे काही कोटी रुपये लागतात. त्यातील सर्वसाधारणपणे ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल, असे नियामक आयोगांचे सूत्र आहे. कर्जाचे व्याज, परतफेड, यंत्रांचा घसारा, भांडवलावरचा परतावा, कामगारांचे पगार, देखभाल, हा झाला स्थिर खर्च. आणि कोळसा, तेल, पाटबंधाऱ्यासारखी वाहतूक नव्हे तर रेल्वेने केलेली कोळशाची ने-आण, हा बदलता खर्च. केंद्र तयार स्थितीत ठेवले, साधारण वर्षाचा ८५ टक्के काळ, तर वीज घेतली किंवा न घेतली तरी वितरण कंपनीला स्थिर खर्च पूर्ण द्यावा लागतो. बदलता खर्च मात्र जेवढी वीज घेतली तेवढाच.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा एका संचाचा दिवसाचा स्थिर खर्च ७५ लाख रुपये आहे. त्याने ५० लाख युनिट तयार केले तर प्रत्येक युनिटवर दीड रुपया पडला. पंचवीस लाखच केले तर तीन रुपये पडले. कोळशाचा भाव पैशानेही वाढला नाही, तरी वीज महागली! म्हणून केंद्र किती भाराने चालते याला एवढे महत्त्व. वडिलांच्या केंद्रात संच बंद पडला की साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांची झोप उडे, त्याचे कारण हेच. शिवाय थंड झालेला बॉयलर काडी लावून पेटत नाही. आधी महागडे तेल जाळून तो तापवावा लागतो, आणि पुन्हा पूर्ण भार घ्यायला कित्येक तास जातात.

मग वीज करून साठवून का ठेवत नाहीत? धान्याची कोठी असते तशी विजेची कोठी का नाही? आता मोठ्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत, पण देशाला पुरेल एवढी साठवण अजून कोठेच नाही. या क्षणी जेवढी बटणे दाबली गेली तेवढी वीज याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढून पुरवठा कमी पडला की सगळ्या संचांची गती किंचित मंदावते, ५० चे हेलकावे खाली येतात आणि तोल फार गेला तर जाळेच कोसळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेकडेही, कोट्यवधी लोक असेच अंधारात गेले होते. म्हणून संध्याकाळी सात वाजता घरोघर दिवे लागतात त्या दोन-तीन तासांसाठी काही केंद्रे दिवसभर अर्ध्या भाराने तयार ठेवावी लागतात. आमचे बंद घरही त्या जाळ्याला जोडलेले होते. कुलूप उघडून बटण दाबले असते तर त्याच क्षणी दिवा लागला असता. त्या 'लागला असता'चे पैसे म्हणजे बिलावरचा स्थिर आकार.

धाकट्याने मग सगळे बिल आईला ओळीने वाचून दाखवले. स्थिर आकार म्हणजे कोठ्यातल्या बैलाचा कडबा. (केंद्राचा सगळा स्थिर खर्च या ओळीत बसत नाही, बराचसा युनिटच्या दरातच मिसळलेला असतो.) वीज आकार म्हणजे जळलेल्या युनिटांचे पैसे. वहन आकार म्हणजे खांब, तारा, रोहित्र यांतून ती घरापर्यंत आणल्याचे भाडे. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळशाचा भाव धरल्यापेक्षा वर-खाली झाला तर त्यातला फरक. आणि वीज शुल्क म्हणजे सरकारचा कर. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे आपल्यासाठी बैल उभा आहे, अन् आपण वखरच धरत नाही."

या बोलण्यावर आम्ही हसलो. पण विषय तेथे संपला नाही, कारण मधलीने एक प्रश्न काढला. ती म्हणाली, हिशेब बरोबर आहे हे मान्य. पण हाच हिशेब दाखवून आपल्या वस्तीला चौदा वर्षे अंधारात ठेवले होते ना? वीस घरे, घरटी एक बल्ब, आठ खांब. स्थिर खर्च जास्त, युनिट कमी, परवडत नाही. मग तो हिशेब तरी खोटा कसा म्हणायचा?

आम्ही विचारात पडलो. हिशेब खोटा नव्हता. खांबांचा खर्च वीस घरांवरच वाटला तर खरोखरच परवडणार नव्हता. पण तो वीस घरांवरच का वाटायचा? गावातील खांबांचा खर्च नुसत्या गावावर कोठे वाटला होता? तो सगळ्या राज्याच्या ग्राहकांनी मिळून उचलला होता. कोयनेच्या विजेचेच पाहा. सह्याद्रीच्या पोटात पोफळीला भूमिगत वीजगृह उभारले, १९६२ पासून तेथे वीज निघू लागली, पुढे टप्पे वाढत एकूण क्षमता १९६० मेगावॅट झाली. पाण्याला कोळशासारखे मोल पडत नाही, यंत्र काही मिनिटांत सुरू होते, म्हणून संध्याकाळच्या गर्दीला ती वीज सोन्यासारखी. धरणासाठी कोणाची तरी गावे बुडाली, बोगद्यांत कोणी तरी खपले, पैसा सगळ्या राज्याचा, आणि तिचा मोठा वाटा शहरांना आणि कारखान्यांना गेला. तेव्हा 'परवडत नाही' कोणी म्हटले नाही. स्थिर खर्च हा निसर्गाचा नियम आहे, पण तो कोणाच्या पाठीवर टाकायचा हे माणसे ठरवतात.

माणसांनी चुकीचे ठरवले तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये रद्द झाला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन पुन्हा उभा राहिला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, ते महाग. देणे डॉलरशी बांधलेले, आणि रुपया घसरत चाललेला. मंडळाने वीज कमी उचलली तरी क्षमतेचे पैसे द्यावेच लागत. आणि जितकी कमी उचलावी तितका प्रत्येक युनिटचा भाव आणखी चढे. बैल इतका महाग घेतला की त्याला वखराला जुंपणेही परवडेना आणि उभा ठेवणेही परवडेना! २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, केंद्र बंद पडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. बैलाचा हिशेब वडिलांनी आईला सांगितला तो याच दाभोळच्या बातम्या वाचता वाचता. त्यांचे म्हणणे असे की केंद्राचा करार होतो त्या दिवशीच पुढच्या पंचवीस वर्षांचे बिल लिहिले जाते. आपण मात्र बिल आल्यावर भांडतो.

येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ही केवळ श्रद्धेची बाब नाही. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ही गोष्ट आपल्या घरांतूनही पुष्कळदा माहीत नसते. सार्वजनिक बांधकाम आणि वीज यासाठी नेमलेल्या धोरण समितीपुढे त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये भाषण केले. त्यात त्यांनी मूळ प्रश्न विचारला, की भारताला वीज हवी तरी कशासाठी? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे. दारिद्र्याच्या चक्रातून सुटायचे तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योगांना वीज नुसती मुबलक असून भागणार नाही, ती स्वस्तही असली पाहिजे. विजेची मालकी सरकारची असावी की खाजगी, हा प्रश्नही त्यांनी समितीपुढे ठेवला. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांच्याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पायाही त्यांच्याच खात्याने घातला. पूर अडवणे, शेतीला पाणी आणि वीज, हे सारे एकाच योजनेत. १९४८ मध्ये त्यासाठी कायद्याने दामोदर खोरे महामंडळ झाले.

मुबलक आणि स्वस्त, या दोन शब्दांची जोडी आम्हाला महत्त्वाची वाटते. आज वीज मुबलक झाली आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, ते दिवस गेले. आता प्रश्न आहे तो दुसऱ्या शब्दाचा. आणि स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त, याचा. कमी वीज वापरणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला वेगळा सवलतीचा दर आहे, हे आपल्या वस्तीतील किती जणांना ठाऊक आहे? दर वाढवण्यापूर्वी जाहीर सूचना निघते आणि कोणताही ग्राहक राज्य वीज नियामक आयोगाकडे लेखी हरकत नोंदवू शकतो, सुनावणीत बोलू शकतो. मोठ्या कारखान्यांचे प्रतिनिधी तेथे आकडेवारीच्या फायली घेऊन जातात. आपली माणसे किती जातात?

एक गोष्ट मात्र कोणत्याही बिलात छापलेली नसते. केंद्राच्या आसपासच्या गावांत उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर बसतो. शेवटची काही वर्षे वडिलांना धाप लागत असे. ती राखेची की तरुणपणीच्या बिडीची, हे कोणी ठामपणे सांगितले नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. पण मधली रुग्णालयात अशी छाती रोज ऐकते, आणि ती म्हणते की युनिटचा खरा भाव काढायचा तर एक रकाना आणखी लागेल.

धाकट्याचे मत छतावर सौर पाट्या बसवाव्यात असे होते. सूर्याची वीज खरोखर स्वस्त झाली आहे. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भडला येथील लिलावात ती युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरली होती. तिला कोळसा नाही, राख नाही. सगळा खर्च स्थिर आणि तोही आधीच करायचा. पण दिवेलागणीला सूर्य नसतो, आणि आपल्याला अभ्यासाला दिवा त्याच वेळी हवा असतो. त्या वेळेसाठी कोणते तरी केंद्र, धरण किंवा बॅटरी तयार ठेवावीच लागते. कोठ्यातला बैल सुटत नाही.

असे बोलणे चालले असताना आई उठून आत गेली आणि आपली पिशवी घेऊन आली. म्हणाली, "मले गावाले नेऊन सोडा. दिवा मी लावीन."

आम्ही नाही म्हणालो. वय झाले, रात्री-अपरात्री काही झाले तर काय? मधली तर रडायला लागली. पंधरा दिवस हा वाद चालला. आई हट्टाला पेटली असे आम्हाला वाटले, पण नंतर कळले की नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर तिला करमतच नव्हते, आणि ते सांगायला तिला बिलाचे निमित्त मिळाले होते. शेवटी शेजारच्या मुलाने रात्री पडवीत झोपायचे कबूल केले आणि आम्ही तिला घेऊन गेलो. मेन स्विच वर केला. दिवा लागला.

आई एकटी असते म्हणून संध्याकाळी वस्तीतील मुले तिच्याकडे येऊन बसू लागली. आधी दोघे-तिघे, मग दहा-बारा. दहावीची, बारावीची, एक पोलीस भरतीचा. त्यांच्या घरी एकच खोली आणि तिच्यात टीव्ही. धाकट्याने समोरच्या खोलीत २० वॅटच्या तीन नळ्या आणि दोन पंखे लावून दिले. एकूण २१० वॅट. संध्याकाळचे पाच तास धरले तर दिवसाला एक युनिटच्या थोडे वर, महिन्याला तीसेक युनिट. कोळशात सांगायचे तर बावीस किलो. वडिलांच्या संचाचा आकडाही २१०च होता, फक्त तेथे मेगावॅट. म्हणजे तसल्या एका संचावर एका वेळी अशा दहा लाख खोल्या चालतील.

बिल अर्थातच वाढले. पण धाकट्याने एक हिशेब लिहून भिंतीवर चिकटवला आहे. स्थिर आकार समजा १२० रुपये. तीन युनिट जाळले तर युनिटमागे ४० रुपये पडतात, तीस जाळले तर चार. मुले तो वाचतात आणि त्यातील एकीने परवा विचारले की असे असेल तर जास्त वीज जाळावी का? आईने तिला सांगितले, "जाळाची नाही, कामी लावाची."

बिल आम्ही तिघे वाटून भरतो. मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे. नाव बदलण्याचा अर्ज धाकट्याकडे भरून तयार आहे, त्यावर आईची सही तेवढी व्हायची आहे. ती म्हणते, राहू द्या अजून थोडे दिवस.